बालवाडी शिक्षिका होण्यासाठी : शिक्षण, प्रशिक्षण आणि थोडी सावधगिरी



दरवर्षी बारावीचा निकाल लागला, की रविवारच्या मिस्सानंतर पालकांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो. "मुलीला लहान लेकरांची आवड आहे, बालवाडीची बाई व्हायचे म्हणते. तिने कोणता कोर्स करावा?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. पुष्कळदा उत्तर मिळण्यापूर्वीच कुठल्यातरी जाहिरातीतील क्रमांकावर फोन झालेला असतो आणि कापसाच्या चुकाऱ्यातून आलेल्या पैशांतले काही हजार रुपये प्रवेश शुल्क म्हणून भरलेही गेलेले असतात. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या कुटुंबांसाठी या विषयाची थोडी सविस्तर माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. 'बालवाडी' हा शब्द आपण सरसकट वापरतो. प्रत्यक्षात लहान मुलांना सांभाळण्याची व शिकवण्याची ठिकाणे तीन प्रकारची आहेत आणि प्रत्येकाचे दार वेगळे आहे. पहिली शासनाची अंगणवाडी. दुसरी खासगी बालवाडी, जिला शहरात नर्सरी, केजी किंवा नुसतेच 'कॉन्व्हेंट' म्हणतात, मग ती धर्मभगिनींची असो वा नसो. तिसरे पाळणाघर. एका ठिकाणी चालणारे प्रमाणपत्र दुसऱ्या ठिकाणी चालेलच असे नाही.

अंगणवाडीचे दार

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज ती गावोगावी पोहोचली आहे. सहा वर्षांखालील मुलांसाठी पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण, अशी सहा कामे अंगणवाडीकडे आहेत. सेविका ही शिक्षिका आहेच. शिवाय ती वजनकाट्याची, नोंदवहीची आणि आता मोबाईलमधील पोषण ट्रॅकरचीही जबाबदारी सांभाळते. हे काम करू इच्छिणाऱ्या मुलीने याची कल्पना आधीच ठेवलेली बरी.

अंगणवाडीत नेमणूक होण्यासाठी बाहेरचा कोणताही 'बालवाडी कोर्स' सक्तीचा नाही. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयानुसार सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांसाठी किमान शिक्षण बारावी उत्तीर्ण असे ठरले. वय १८ ते ३५ वर्षे. विधवा महिलेस ४० वर्षांपर्यंत सवलत. उमेदवार त्याच महसुली गावची रहिवासी हवी आणि तिला दोनपेक्षा अधिक हयात अपत्ये नसावीत. निवड गुणांच्या यादीवरून होते. बारावीचे गुण, पुढील शिक्षण, शिक्षणशास्त्राची पदविका, संगणकाचे प्रमाणपत्र, पूर्वानुभव यांना गुण मिळतात; विधवा व अनाथ महिलांना तसेच अनुसूचित जाती-जमाती व मागासवर्गीय उमेदवारांना अधिकचे गुण असतात. अर्ज तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावयाचा असतो. अटींत अधूनमधून बदल होतात; म्हणून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेली त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी, कुणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नये. आणि नेमणूक करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर ते देऊ नयेत, हे सांगायलाच हवे.

२०२३ पूर्वी सेविकेला दहावी आणि मदतनिसाला सातवी पुरत असे. ही अट वाढली ते मुलांच्या दृष्टीने योग्यच झाले, असे वरवर पाहता वाटते. परंतु या बदलाची दुसरी बाजू आपल्या जिल्ह्यात फार जवळून दिसते. तिच्याकडे आम्ही पुढे येऊ.

मानधनाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. सेविकेला 'पगार' नसतो, मानधन असते. ती शासकीय कर्मचारी गणली जात नाही. २०२३ मध्ये सेविकेचे मानधन दरमहा १०,००० रुपये व मदतनिसाचे ५,५०० रुपये झाले. त्यानंतर ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरातील सेविका सुमारे पन्नास दिवस संपावर होत्या. २०२४ च्या उत्तरार्धात शासनाने सेविकेचे मानधन १३,००० आणि मदतनिसाचे ७,५०० रुपये केले, शिवाय कामगिरीनुसार प्रोत्साहन भत्ता जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र असल्याचा निर्णय दिला. पुढे पदवी घेतलेल्या सेविकेला मुख्यसेविका होण्याचीही वाट आहे. थोडक्यात, हे काम दानधर्म नव्हे आणि सुखाची नोकरीही नव्हे.

नेमणुकीनंतरचे शिक्षण

अंगणवाडीत खरे प्रशिक्षण नेमणुकीनंतर सुरू होते. पूर्वी नव्या सेविकेला प्रशिक्षण केंद्रात सुमारे महिनाभर राहून शिकावे लागे आणि पुढे काही वर्षांनी उजळणी होत असे. १० मे २०२३ रोजी केंद्र शासनाने 'पोषण भी पढाई भी' हा उपक्रम सुरू केला. त्यात सेविकांना तीन दिवसांचे प्रशिक्षण ठरविले गेले. २०२४ मध्ये दोन आराखडे आले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'आधारशिला' आणि जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी 'नवचेतना'. महाराष्ट्रात त्याआधीपासून 'आकार' हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम अंगणवाड्यांत वापरला जात आहे.

पहिलीच्या वर्गावर उभे राहण्यासाठी दोन वर्षांची पदविका लागते आणि त्याहून लहान, अधिक नाजूक वयाच्या मुलांसाठी तीन दिवस पुरे समजले जातात, हे आम्हांस विपरीत वाटते. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही उणीव मान्य केली आहे. तीन ते आठ वर्षे हा पाच वर्षांचा एकच 'पायाभूत स्तर' त्या धोरणाने मानला आणि बारावी व त्यापुढे शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचविली. काम न सोडता, दूरचित्रवाणी व मोबाईलच्या साहाय्याने आणि महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग घेऊन हे शिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या तालुक्यात असा वर्ग सुरू झाला की नाही, याची चौकशी सेविकांनी पर्यवेक्षिकेकडे जरूर करावी. विचारणाऱ्यालाच अशा गोष्टी लवकर कळतात.

प्रशिक्षण ही केवळ गाणी-गोष्टींची बाब नाही, हे आपल्या जिल्ह्याने एकदा फार कठोरपणे शिकले आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पोलिओ लसीकरणाच्या वेळी पाच वर्षांखालील १२ मुलांना लसीच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रावण पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती सर्व बचावली. तेथे कोणाची किती चूक होती, हे ठरविणे आमचे काम नाही. परंतु बाटलीवरील अक्षर वाचल्याशिवाय तिचे झाकण उघडायचे नाही, ही सवय अंगी मुरावी लागते, आणि ती एका व्याख्यानाने मुरत नाही. लेकराच्या नाकात तुरीचा दाणा गेला तर काय करावे, घशात काही अडकून श्वास कोंडला तर त्याला कसे धरावे, ताप डोक्यात जाऊन झटका आला तर काय करू नये, हे बालवाडीच्या बाईला येत असावे. प्रथमोपचाराचे शिक्षण प्रत्येक उमेदवार मुलीने, मग ती कोणत्याही दाराने जाणार असो, आधी घ्यावे असा आमचा आग्रह आहे.

खासगी बालवाडी आणि प्रमाणपत्रांचा बाजार

आता दुसरे दार. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड अशा गावांत खासगी नर्सरी व केजीचे वर्ग पुष्कळ आहेत. येथे नेमणूक संस्थाचालकांच्या मर्जीवर असते. कुठे बारावी चालते, कुठे पदवी मागतात, कुठे इंग्रजी बोलणे एवढीच परीक्षा होते. नियम सैल असल्यामुळे या क्षेत्रात अभ्यासक्रमांचे मोठे दुकान थाटले गेले आहे. 'एनटीटी', 'मॉन्टेसरी डिप्लोमा', 'अर्ली चाइल्डहूड' अशी नावे असतात. सहा महिने, चार महिने, कधी तर घरबसल्या पंधरा दिवस!

या अभ्यासक्रमांत चांगले काही नसते असे आम्ही म्हणत नाही. काही संस्था मनापासून शिकवितात. पण पालकांनी फरक समजून घ्यावा. देशात शिक्षक-प्रशिक्षणास मान्यता देण्यासाठी १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद स्थापन झाली. तिच्या २०१४ च्या नियमांनुसार पूर्वशालेय शिक्षणाची पदविका दोन वर्षांची आहे आणि प्रवेशास बारावीला किमान ५० टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत असते. या पदविकेत प्रत्यक्ष बालवाडीत काम करण्यास बराच काळ द्यावा लागतो. जाहिरातीत 'सरकारमान्य' छापलेले असले, तरी तो शब्द पुष्कळदा एवढ्याच अर्थाने खरा असतो, की ती संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे. संस्थेची नोंदणी म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे.

तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला आपण सरळ विचारावे : हा अभ्यासक्रम कोणत्या परिषदेने वा विद्यापीठाने मान्य केला आहे, त्या मान्यतेचे पत्र दाखवाल का? मुलीला किती दिवस खऱ्या मुलांच्या वर्गात उभे करणार? आणि तुमच्याकडून शिकलेल्या कोणत्या मुली आज कुठे काम करीत आहेत, त्यांना भेटता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही गोड असोत, पैसे खिशातच ठेवावेत. अनेक घरी हे विचारायला संकोच वाटतो. 'सर रागावतील' असे वाटते. ज्याला आपण पैसे देणार, त्याला प्रश्न विचारण्यात संकोच कसला!

दूरशिक्षणाचा एक भरवशाचा मार्ग इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा आहे. बालपण संगोपन व शिक्षण या विषयाची त्यांची पदविका बारावीनंतर करता येते. कमीत कमी एक वर्ष लागते आणि त्यात एक प्रत्यक्ष कामाचा प्रकल्पही असतो. शुल्क खासगी वर्गांच्या मानाने कमी असते. अडचण एवढीच, की मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला हिंदी पुस्तके वाचून अभ्यास करावा लागतो. नागपूरच्या प्रादेशिक केंद्राकडे चालू सत्राची चौकशी करून मगच अर्ज करावा. ज्यांना महाविद्यालयात जाणे शक्य आहे त्यांनी गृहअर्थशास्त्र किंवा गृहविज्ञान हा विषय घेऊन पदवी करावी. त्यातील बालविकासाचा भाग या कामाला फार उपयोगी पडतो. डी.एल.एड. ही पदविका प्राथमिक शाळेसाठी आहे. ती असलेल्या शिक्षिकेला खासगी बालवाड्या आनंदाने घेतात, पण सात वर्षांच्या मुलाला शिकविण्याची रीत तीन वर्षांच्या मुलाला लागू पडत नाही, हे तिने ध्यानात ठेवावे.

शिकायचे असते ते काय?

प्रमाणपत्राच्या धावपळीत हा प्रश्न मागे पडतो. 'एबीसीडी आणि शंभरपर्यंत आकडे शिकवता आले की झाले' अशी समजूत आपल्यातही आहे, आणि खरे सांगायचे तर पालक म्हणून आपणच बालवाडीकडून तशी मागणी करतो. लेकरू तीन वर्षांचे होत नाही तोच त्याच्या हाती पेन्सिल देतो. त्याच्या बोटांचे स्नायू अद्याप त्या कामाला तयार नसतात. त्या वयात मणी ओवणे, मातीचे गोळे करणे, कागद फाडणे-चिकटवणे, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे हीच लेखनाची पूर्वतयारी असते. पळसाची लहान-मोठी पाने क्रमाने लावणे, हे गणित असते. बाई गोष्ट सांगताना मध्येच थांबून 'पुढे काय झाले असेल?' असे विचारते, ते भाषाशिक्षण असते. प्रशिक्षित बाईला हे 'का' करायचे ते ठाऊक असते. म्हणून पालक 'नुसते खेळवता' असे म्हणाले तरी ती डगमगत नाही.

आधुनिक बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर होत्या आणि श्रद्धावान कॅथलिकही होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी 'बालगृह' सुरू केले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांतून हुंदडणारी मजुरांची मुले हे त्यांचे पहिले विद्यार्थी. आज 'मॉन्टेसरी' हा शब्द महागड्या शाळांच्या पाटीवर दिसतो. त्याचा जन्म मात्र मोलमजुरी करणाऱ्यांच्या चाळीत झाला. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा येथील मुक्काम कित्येक वर्षे लांबला. त्या काळात त्यांनी अनेक भारतीय शिक्षकांना तयार केले.

मराठी मुलखात हे काम ताराबाई मोडक यांनी रुजविले. विवाहानंतर काही वर्षे त्या आपल्या शेजारच्या अमरावतीस राहत होत्या. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी या खेड्यात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. तेथे त्यांना आला तोच अनुभव आज आपल्या सेविकांना येतो : बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुले येईनात. मग त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथून आला. महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने यांची साधने त्यांनी केली. पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका छताखाली आणली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुलीला शाळेत येता यावे, म्हणून भावंडासाठीही तेथेच जागा केली. ही युक्ती आपण नीट लक्षात घ्यावी. यवतमाळ जिल्ह्यात बालवाडीची बाई तयार होणार की नाही, हे बरेचसे या युक्तीवर अवलंबून आहे.

पोड, तांडा आणि बारावीची अट

केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या भागांत कोलाम बांधवांचे पोड आहेत. महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी कोलाम ही एक. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. पुसद, दिग्रस, आर्णी, महागाव या बाजूला बंजारा तांडे आहेत. तेथील मूल आईला 'याडी' म्हणते आणि घरात गोरमाटी बोलते. असे तीन वर्षांचे लेकरू अंगणवाडीत येते, बाई मराठीत गोष्ट सांगतात, आणि ते कोपऱ्यात गप्प बसून राहते. ते मंद आहे असे समजले जाते. त्याला एवढेच झालेले असते, की बाईंचे बोलणे कळलेले नसते.

२०२३ च्या नियमांत याची दखल घेतली आहे. अंगणवाडीतील निम्म्याहून अधिक मुले दुसरी भाषा बोलणारी असतील, तर उमेदवाराला ती भाषा येणे आवश्यक मानले आहे. उत्तम! पण आता बारावीची अट त्याच्याशेजारी ठेवून पाहा. पोडावर कोलामी बोलणारी, त्याच गावची रहिवासी, पस्तिशीच्या आतली आणि बारावी उत्तीर्ण अशी बाई किती ठिकाणी सापडेल? पूर्वी सातवी शिकलेली शेजारीण मदतनीस म्हणून तरी वर्गात असे. तिच्या मांडीवर मूल रडायचे थांबे, बाईंचे शब्द ती त्याला त्याच्या भाषेत सांगे. नव्या भरतीत तिच्यासाठी जागा उरली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानातून आदिम जमातींच्या वस्त्यांत नव्या अंगणवाड्या मंजूर होत आहेत. इमारत उभी राहील, पण त्या इमारतीत त्या मुलांची भाषा बोलणारे कोण असेल, हा प्रश्न शिल्लक राहतो.

अट पुन्हा खाली आणावी, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. लहान मुलाला कमी शिकलेली बाई चालते हा विचारच चुकीचा आहे. मुली बारावीपर्यंत पोहोचल्या पाहिजेत, हाच त्यावरचा उपाय. त्या का पोहोचत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. दहावीनंतरचे कनिष्ठ महाविद्यालय दूर, एसटीची वेळ गैरसोयीची, घरी लग्नाची घाई. आणि या सर्वांच्या आधी, चौथी-पाचवीपासूनच, दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेला पडणारे खाडे. आई वेचणीला जाते. तान्हे मूल धुऱ्यावरच्या झोळीत असते आणि झोळी हलवायला दहा वर्षांची ताई असते. तीच ताई पुढे गणितात मागे पडते आणि नववीत शाळा सोडते. वस्तीवर पाळणाघर असते, तर कदाचित तिने बारावी केली असती आणि त्याच वस्तीची बाई झाली असती.

तिसरे दार : पाळणाघर

म्हणून पाळणाघराकडे कमी प्रतीचे काम म्हणून पाहू नये. नोकरी-मजुरी करणाऱ्या मातांसाठी २००६ मध्ये राजीव गांधींच्या नावाने पाळणाघर योजना आली, २०१७ मध्ये ती राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली आणि २०२२ पासून 'मिशन शक्ती'खाली 'पाळणा' या नावाने चालते. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर हा तिचा एक नवा प्रकार आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुले तेथे ठेवता येतात. २०१७ च्या नियमांत २५ मुलांमागे एक कार्यकर्ती व एक मदतनीस, महिन्याचे २६ दिवस व रोज साडेसात तास असे प्रमाण होते. कार्यकर्तीला बारावी व मदतनिसाला दहावीची अट होती. त्याच वर्षीच्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. वेचणीला जाणारी बाई मात्र कुठल्याच आस्थापनेच्या हजेरीपटावर नसते. तिच्यासाठी गावानेच काही करावे लागते.

पाळणाघरातील काम शिकताना तीन वर्षांखालील बाळाचा अभ्यास करावा लागतो : दूध कसे व किती वेळाने पाजावे, बाटली व वाटी-चमचा कसा उकळावा, बाळाला उताणे का निजवावे, दीड वर्षाचे मूल अद्याप बोलत वा चालत नसेल तर आईला कसे सांगावे आणि कुठे पाठवावे. हे ज्ञान पुस्तकातून थोडे आणि हाताखाली काम करून अधिक मिळते. अंगणवाडीत वा एखाद्या चांगल्या बालवाडीत सहा महिने विनावेतन मदत केलेली मुलगी पुढच्या कोणत्याही प्रशिक्षणात उठून दिसते, असा आमचा अनुभव आहे.

धर्मग्रामात काय करता येईल

ज्यांची बारावी राहून गेली आहे, त्यांनी वय निघून गेले असे समजू नये. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी व बारावीची परीक्षा देता येते. हा फॉर्म जवळच्या शाळेमार्फत भरतात आणि त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, म्हणून शाळा उघडताच जूनमध्ये चौकशी करावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतूनही बारावी करता येते आणि तेथे एकेक विषय सवडीने सोडविण्याची सोय आहे. सध्या मदतनीस असलेल्या भगिनींनी हे विशेष मनावर घ्यावे. बारावी झालेल्या अनुभवी मदतनिसाला सेविकापदी घेण्याची तरतूद आहे.

अर्जाची वेळ आली की कागदपत्रांसाठी धावाधाव होते. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका यांवरील नाव व जन्मतारीख जुळते का, हे आजच पाहून घ्यावे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक नाव, शाळेत दुसरे आणि आधारवर तिसरे असे आपल्या समाजात वारंवार घडते. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांची अडचण तर याहून मोठी असते. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि अर्जाची मुदत मात्र मोजक्या दिवसांची असते.

ज्या धर्मग्रामात सभागृह वा धर्मशिक्षणाची खोली आठवडाभर रिकामी असते, तेथे संध्याकाळी दोन तास दिवा लावून बारावीच्या अभ्यासाला बसता येईल. वेचणीच्या तीन महिन्यांत त्याच खोलीत सकाळी दहा-बारा लेकरांना सांभाळता येईल. वस्तीवरच्या दोन प्रौढ भगिनी आणि हे काम शिकू इच्छिणारी एक मुलगी एवढे मनुष्यबळ सुरुवातीला पुरते. धर्मग्राम मंडळाने हा विषय सप्टेंबरच्या बैठकीत घेतला, तर दिवाळीपूर्वी चटया, पाण्याचा झाकणाचा माठ आणि प्रथमोपचाराची पेटी जमविता येते. मुलांची नावे, वय, आईचा मोबाईल क्रमांक आणि मुलाला न्यायला कोण येणार, एवढ्या चार गोष्टी वहीत पहिल्या दिवसापासून लिहाव्यात, आणि ती वही त्या शिकणाऱ्या मुलीच्याच हाती द्यावी.